भिमाबाईंच्या डब्याचं अक्षर

मी एक जुना कटर आहे. पूर्ण नाव रेडियम कापायचं यंत्र, पण आमच्या धंद्यात मला कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. लांबट अंग, दोन लोखंडी पाय, मधे रबरी चाकं आणि पोटात नखाच्या टोकाएवढी सुरी, असा माझा अवतार. रेडियम म्हणजे मागून चिकट असलेला रंगीत, चकचकीत कागद. रिक्षाच्या काचेवर, टेम्पोच्या दारावर, वर्कशॉपच्या शटरवर तुम्ही जी नावं वाचता, त्यातली बरीचशी माझ्यासारख्यानं कापलेली असतात. मित्रांनो, तुम्ही ती वाचता आणि पुढं जाता. ती कापली कुणी, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. त्याबद्दल माझी तक्रारही नाही. माझ्या मनात सलतंय ते वेगळंच आहे, आणि ते कळायला तुम्हाला माझी गोष्ट सुरुवातीपासून ऐकावी लागेल.

माझा जन्म परदेशात झाला म्हणतात. मला त्यातला खोक्यातला अंधार तेवढा आठवतो. उजेड पाहिला तो कासारवाडीत, रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एहसानभाईंच्या दुकानात. तिथं त्यांच्या वडिलांचं गॅरेज होतं. एहसानभाईंना ग्रीसमध्ये हात घालायचा भारी कंटाळा, म्हणून त्यांनी अर्ध्या गॅरेजचं रेडियमचं दुकान केलं आणि मला आणलं. माणूस बोलका, दिलदार आणि चहाचा शौकीन. रेडियम चिकटवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गोलाई असलेल्या पत्र्यावरसुद्धा ते असं बसवत, की खाली एक बुडबुडा राहायचा नाही.

अक्षरांच्या बाबतीत मात्र आमच्याकडं आनंदीआनंद होता. संगणकात कुणीतरी भरून दिलेली चार वळणं होती, तीच सगळ्यांना. दूधवाल्याला तेच, शववाहिकेला तेच आणि बँजो पथकालाही तेच. मी इमानदारीनं कापायचो, पण आतून जीव उबायचा. एवढी धारदार सुरी पोटात असताना रोज रोज तेच ते कापायचं म्हणजे काय, तुम्हीच सांगा!

मग एके दिवशी विजयश्री दुकानात आली. चिंचवडला राहणारी. चित्रकलेचं, जाहिरातीच्या कलेचं शिक्षण घेतलेली. पुण्यात एका जाहिरातीच्या ऑफिसात नोकरी केली होती, ती सोडून आता स्वतःच्या हिमतीवर कामं घ्यायला लागली होती. कुणाच्या मसाल्याचं लेबल, कुणाच्या लग्नाची पत्रिका, कुणाचं व्हिजिटिंग कार्ड. ती आली होती एका गिऱ्हाइकाची पाटी करून घ्यायला. मी कापलेलं नाव तिनं उजेडात धरलं आणि तोंड वाकडं केलं.

"एहसानभाई, या 'भ'ला कुबड कशानं आलं?"

"ताई, तो जन्मजात तसाच आहे," एहसानभाई म्हणाले.

"मी सरळ करून देऊ?"

"द्या की. आम्ही काय, चहा पाजू."

त्या चहाचा पेला संपायच्या आत तिनं कागदावर एक 'भ' काढला. ताठ मानेचा, भरल्या पोटाचा. मी तो कापला तेव्हा माझी सुरी वळणावर कशी अलगद फिरली, ते माझं मलाच ठाऊक. आठवडाभरात दुकानाच्या कोपऱ्यात माझ्या शेजारी तिचं टेबल आलं. ती काढणार, मी कापणार आणि एहसानभाई चिकटवणार, अशी आमची तिघांची घडी बसली. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. तेव्हा मला ते कळलं नाही, ही गोष्ट वेगळी.

तिच्या कामाची एक रीत होती. गिऱ्हाइकाचं काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती पेन्सिल उचलायची नाही. स्प्रिंगा बनवणारा आला, तर ती त्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायची आणि मग त्याच्या नावातल्या वेलांट्या स्प्रिंगेसारखी उडी मारायच्या तयारीत असल्यागत व्हायच्या. एहसानभाई म्हणायचे, "विजूताई, एवढ्या वेळात मी चार गाड्या लावल्या असत्या." ती म्हणायची, "लावा की, मी कुठं अडवलंय?" आणि पुन्हा बघायला निघून जायची.

तिच्या मनाला एकच गोष्ट टोचायची. आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात माणसाची ओळख कंपनीवरून होते. पिंपरीत काय, चाकणला काय, लग्नात नवा माणूस भेटला की नाव नंतर, आधी प्रश्न येतो, कोणत्या कंपनीत? तिचे वडील सोपानराव चाकणच्या एका कारखान्यात उभी हयात काढून निवृत्त झालेले. कुणी मुलीबद्दल विचारलं, की ते म्हणायचे, "तिचं आपलं घरचं काहीतरी चालू असतं," आणि विषय बदलायचे. हे ती एहसानभाईंना हसत हसत सांगायची. पण ते हसू ओठांपुरतं असायचं. मी रोज तिच्या शेजारी उभा होतो, मला दिसायचं.

अशात भिमाबाई आल्या. बीडकडच्या. नवरा चाकणला रोजंदारीवर, आणि त्या स्वतः तिथल्या कारखान्यांच्या शिफ्टला येणाऱ्या पोरांसाठी डबे करायच्या. भाकरी, एक भाजी, आमटी, ठेचा. डोक्यावर डब्यांच्या पाट्या वाहून वाहून त्यांनी एक जुना टेम्पो घेतला होता आणि त्याला पिवळाधमक रंग मारून त्या तो थेट आमच्या दारात घेऊन आल्या होत्या. त्यांना गाडीवर नाव हवं होतं. वाचता येत नव्हतं, पण नाव हवं होतं.

"कामून म्हणशील तर," त्या विजयश्रीला म्हणाल्या, "गेटपाशी धा गाड्या हुब्या ऱ्हातात. पोरांना सुट्टी लई थोडी. लांबूनच कळाया पायजे, मावशीची गाडी कुठली हाय ती."

विजयश्री दुसऱ्या दिवशी चाकणला गेली. भिमाबाईंच्या चुलीपाशी बसली, भाकरी थापताना बघत राहिली, जेवली आणि परत येऊन कुणाशी न बोलता काढायला बसली. बरेच कागद फाडून झाल्यावर जे उतरलं ते असं होतं : 'भ'चं पोट तव्यावर फुगलेल्या भाकरीसारखं, आणि वरची रेघ थापताना बोटं उमटावीत तशी किंचित वरखाली. लाल रेडियमवर मी ते कापलं. 'भिमाबाईंचा डबा.' एहसानभाईंनी ते पिवळ्या पत्र्यावर बसवलं आणि चार पावलं मागं सरकून म्हणाले, "ताई, भूक लागली."

भिमाबाईंनी अक्षरावरून हात फिरवला. मग विचारलं, "हे आता माझंच ना? का उद्या समोरच्या मेसवाल्याला बी हेच लावशील?"

इथं मला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. मी अक्षर कापलं की त्याच्या आजूबाजूचा रेडियम सोलून काढावा लागतो. त्या सोललेल्या भागात अक्षरांच्या जागा पोकळ असतात. एरवी तो स्वतःलाच चिकटतो, गोळा होतो आणि कचऱ्यात जातो. विजयश्रीनं तो त्या दिवशी टाकला नव्हता. तिनं तो अलगद पसरून एका गुळगुळीत कागदावर पुन्हा बसवला, गुंडाळी केली आणि भिमाबाईंच्या हातात दिली.

"मावशी, हा पोकळ कागद तुमच्यापाशी ठेवा. याच्यातून निघालेलं अक्षर तुमचं. मी ते दुसऱ्या कुणाला कापणार नाही."

तेव्हापासून ती आमच्या दुकानाची रीतच झाली. प्रत्येक गिऱ्हाइकाला नावाबरोबर पोकळ कागद मिळायचा. लोकांना त्याचं फार अप्रूप वाटायचं. कुणी तो देवघरामागं ठेवला, कुणी लॅमिनेट करून ऑफिसात लावला. "तुमचं अक्षर तुमचंच," ही गोष्ट तळवड्यापासून चाकणपर्यंतच्या लहान लहान वर्कशॉपांत तोंडोतोंडी पसरली. विजयश्रीनं स्वतःची जाहिरात कधी केली नाही. लोक पाटी बघायचे आणि म्हणायचे, विजयश्रीचं काम दिसतंय. धंद्यात ज्याला ब्रँड म्हणतात तो असा कागदाच्या एका गुंडाळीत तयार झाला.

आणि खंडेनवमी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या पट्ट्यातली सगळी यंत्रं न्हाऊनमाखून बसतात. मोठमोठे प्रेस, लेथ, ड्रिल, सगळ्यांना झेंडूचे हार. एहसानभाईंच्या वडिलांनी गॅरेजमध्ये हा दिवस कधी चुकवला नव्हता, एहसानभाईंनीही चुकवला नाही. दुकानाला सुट्टी, पेढे आणि माझ्या अंगावर हार. भिमाबाई दरवर्षी चाकणहून यायच्या, पहिला डबा माझ्यापुढं ठेवायच्या आणि माझ्या कपाळाला कुंकू लावायच्या. "मावशी, चाकात जातं ओ ते," एहसानभाई कुरकुरायचे. त्या गेल्या की ब्रश घेऊन तासभर माझी चाकं साफ करत बसायचे. पण पुढच्या वर्षी त्यांना अडवायचे नाहीत. मला ते कुंकू आवडायचं. खोटं कशाला बोलू?

पुढं कामं वाढली आणि दुकानाचा कोपरा अपुरा पडायला लागला. विजयश्रीनं मारुंजीला एका इमारतीत जागा घेतली. एहसानभाईंकडून मलाही विकत घेतलं. निघताना त्यांनी माझ्या अंगावरून फडकं फिरवलं आणि म्हणाले, "जा बाबा, मोठा हो." चिकटवण्याचं काम असलं की ते मारुंजीला यायचे. बाकी वेळ आम्ही दोघंच.

मारुंजीच्या जागेत काचेचा दरवाजा होता आणि स्टुडिओला दोन इंग्रजी शब्दांचं नाव होतं. स्वतःचं चिन्ह काढायला तिनं जेवढा वेळ घालवला तेवढा कुणासाठी घालवला नसेल. दिवसेंदिवस कागद भरत होती. शेवटी दोन बारीक करड्या रेघा ठरल्या. मी त्या कापल्या. कापायला इतक्या सोप्या होत्या की मला वाईट वाटलं. जिनं दुसऱ्यांच्या चुलीपाशी बसून त्यांची अक्षरं आणली, ती स्वतःसाठी कुठं जाऊन बसावं हे विसरली होती, असं मला आपलं वाटतं.

हळूहळू रीतही सुटली. आता गिऱ्हाइकं फोनवर फोटो पाठवायची. वर्कशॉप बघायला जायला वेळ नव्हता. एक मोठं छपाईचं यंत्र आलं, तासाला कितीतरी फलक ओकणारं. त्याच्यापुढं माझी सुरी म्हणजे खेळणं. क्वचित मी काही कापलंच, तर सोललेला भाग गोळा होऊन टोपलीत जायचा. पोकळ कागद कुणी मागत नव्हतं, आणि तीही देत नव्हती. एके दिवशी माझ्या पाठीवर चहाची विजेची किटली येऊन बसली. तिची वाफ मला लागायची. अशा वेळी कासारवाडीची फार आठवण यायची, मित्रांनो.

मग भोजनवेल आली. कारखान्यांना जेवण पुरवणारी नवी कंपनी. गाड्या, डबे, वाढप्यांचे सदरे, सगळ्याचं नवं रूप त्यांना करून हवं होतं. त्यांच्या वतीनं रविराज नावाचे एक साहेब आले. गोड बोलणारे, घाईतले.

"मॅडम, चाकणला एका पिवळ्या टेम्पोवर एक 'भ' आहे. तो पाहिला की भूक लागते. आम्हाला तो द्या."

विजयश्री चटकन म्हणाली, "तो एका मावशींचा आहे."

"मग त्याच्यासारखा द्या. भोजनवेलचा 'भ' पण 'भ'च आहे ना!"

तिनं खरंच प्रयत्न केला, हे मी सांगायलाच हवं. तिनं दुसरे कितीतरी 'भ' काढले. वेलीसारखे, पानासारखे, वाढलेल्या ताटासारखे. रविराज प्रत्येक वेळी मान हलवायचे. "छान आहे, पण तो नाही." आणि त्याच आठवड्यात सोपानरावांचा फोन आला. तिनं तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला होता, म्हणून मलाही ऐकू आला. नात्यातल्या एका साखरपुड्यातून बोलत होते. "विजू, मी इथं सगळ्यांना सांगितलं बरं का, पोरीकडं कंपनीचं काम आलंय!" त्यांच्या आवाजात असा आनंद मी पहिल्यांदा ऐकला. तीही पहिल्यांदाच ऐकत असावी. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. मग संगणकापाशी बसली आणि जुनी फाइल उघडली.

पोट तेच. वरची वरखाली रेघ तीच. शेपटाला तिनं थोडा बाक दिला. रविराजसाहेब खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले. भोजनवेलच्या गाड्याही पिवळ्या रंगवायच्या ठरल्या, कारण लाल अक्षर पिवळ्यावरच खुलतं, असं ते म्हणाले. गाड्यांवरची अक्षरं कापीव हवी होती, म्हणून माझ्या पाठीवरची किटली उतरली. मी कापायला लागलो आणि पहिल्या वळणालाच मला ते पोट ओळखू आलं. पण आम्हा यंत्रांना तोंड नसतं.

एहसानभाईंना होतं. ते गुंडाळ्या न्यायला आले, एक उलगडली आणि तिथंच थांबले.

"विजूताई, हा तर भिमाबाईंचा 'भ'."

"शेपूट बदललंय."

"ताई, शेपूट कोण बघतंय?"

"अक्षर माझं आहे, एहसानभाई. नाव त्यांचं. मी त्यांचं नाव कुठं घेतलंय?"

एहसानभाईंनी डोकं खाजवलं. एवढ्या गाड्या लावायच्या म्हणजे त्यांच्याही दुकानाला बरेच दिवस काम होतं. ते म्हणाले, "बरं. पण मावशींना एक फोन तरी टाका."

"टाकते. तुम्ही गाड्या लावायला घ्या."

तिनं फोन हातात घेतलेला मी पाहिला. मग स्वतःशीच म्हणाली, आत्ता मावशी भाकऱ्या करत असतील. दुपारी म्हणाली, आता वाटपाला गेल्या असतील. संध्याकाळी म्हणाली, दमल्या असतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही दिवसांनी तिनं तो विषय स्वतःशी काढणंही सोडलं. एवढासाच फोन होता तो. आजही मला त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

त्या वर्षी खंडेनवमीला स्टुडिओत पूजा झाली. हार छपाईच्या मोठ्या यंत्राला घातला. एहसानभाई पेढे घेऊन आले होते. माझ्या पाठीवर किटली परत चढली होती. मी म्हटलं, असू दे, आपलं वय झालं. तेवढ्यात काचेचा दरवाजा ढकलत, धापा टाकत भिमाबाई आत आल्या. एका हातात डबा, काखेत एक जुनी गुंडाळी.

"आमचा कटर कुठाय?" त्यांनी विचारलं. कोपऱ्यात मी दिसलो तशी त्यांनी किटली उचलून खाली ठेवली, पदरानं माझी पाठ पुसली, डबा पुढं ठेवला आणि कुंकू लावलं. या वेळी एहसानभाई कुरकुरले नाहीत. मग भिमाबाई खुर्चीत न बसता माझ्याशेजारी जमिनीवरच बसल्या.

"विजू, एक इचारू? माझ्यावर तुझा काही राग हाय का?"

"नाही हो मावशी! असं का म्हणता?"

"मग हे कामून झालं? पोरं मला बोलायलेत. म्हणतेत, मावशी, तुमच्या दुसऱ्या गाडीतली आमटी निस्तं पाणी. मी म्हनलं, माझी दुसरी गाडी कुठली? तर दाखवली त्यांनी. लांबून बघितलं तर मला सोताला वाटलं, माझीच हुबी हाय."

विजयश्री उभीच राहिली. भिमाबाई सांगत होत्या. आवाज चढवून नाही, जसं घरी झालेलं दुखणं सांगावं तसं. निम्मी पोरं म्हणत होती, मावशीनं कंपनीला धंदा विकला. निम्मी रुसून दुसऱ्या गाडीकडं गेली होती. आणि गेटवरचा वॉचमन त्यांना उभं राहू देईना. तो म्हणाला, "मावशी, तुमची एक गाडी आत आहे, मग ही दुसरी कशाला?" त्यांनी त्याला समजावलं, पण त्याला वाचायला कुठं वेळ होता? त्यानं पिवळ्यावर लाल 'भ' पाहिला होता. आता त्यांचा टेम्पो लांब वळणापाशी उभा राहत होता आणि सुट्टीत तिथवर येणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीही उरली नव्हती.

"मावशी, ते... ते माझं वळण आहे. म्हणजे चित्रकाराची एक शैली असते..." विजयश्री बोलायला लागली आणि मधेच थांबली.

"वळण तुझंच गं. मी कुठं न्हाई म्हनते? मला तर लिवता बी येत न्हाई." भिमाबाईंनी गुंडाळी काखेतून काढून मांडीवर घेतली. "पर तू बोलली व्हतीस. आन् बोलली नसतीस तरी चाललं असतं. नुसतं इचारलं असतंस तर दिलं असतं मी. माझ्या पोरीचं लगीन असतं तर मी तुला न इचारता करनार व्हते का?"

 एहसानभाई पेढ्यांच्या पुड्यावर मान खाली घालून बसले होते. या गोष्टीत आपलाही हात आहे, हे त्यांनाही कळत होतं.

"हे घे," भिमाबाई म्हणाल्या. "आता माझ्याकडं ठिवून काय करू? तुझं तुला."

तो पोकळ कागद होता. चुलीच्या धुरानं पिवळा पडलेला, कडेला पिठाचे डाग, पण गुंडाळी तशीच घट्ट. विजयश्रीनं तो घेतला नाही, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर ठेवला.

"मी तुम्हाला नवीन काढून देते मावशी. याच्याहून चांगलं. आजच बसते."

"नगं बाई." भिमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "ते बी उद्या कुनाला आवडंल." त्यांनी हे टोमणा मारायला म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच तशी भीती वाटत होती, आणि म्हणूनच विजयश्रीला ते जास्त लागलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भिमाबाईंनी जाताना तिच्या गालावरून हात फिरवला. "रडू नगंस सणाचं," म्हणाल्या.

खाली टेम्पो उभा होता. भिमाबाईंनीच एहसानभाईंना सांगितलं, तेवढं नाव काढून द्या. म्हणजे लोकांचा घोळ तरी मिटंल. मला खिडकीतून दिसत नव्हतं, पण गरम हवेच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. त्यानं रेडियमचा चिकटपणा सुटतो. एहसानभाई बऱ्याच वेळानं वर आले. त्यांच्या मुठीत लाल पट्ट्यांचा चुरगळलेला गोळा होता.

"निघालं सगळं," ते म्हणाले. "पण विजूताई, नाव गेलं नाही. एवढी वर्षं उन्हानं गाडीचा रंग उडालाय आणि अक्षराखालचा तसाच राहिलाय. फिक्कट पिवळ्यात गडद पिवळं. अजून वाचता येतंय."

विजयश्री दसऱ्यानंतर रविराजसाहेबांकडं गेली. अक्षर बदलून देते, पुन्हा पहिल्यापासून काम करते, म्हणाली. ते गोडच बोलले. "मॅडम, त्याची आमच्या नावावर नोंदणी झालीय. आता ते कंपनीचं आहे. खरं सांगायचं तर, तुम्हालाही ते दुसरीकडं वापरता येणार नाही." ज्या अक्षराला ती माझं माझं म्हणत होती, ते आता तिचंही राहिलं नव्हतं. स्टुडिओत परत येऊन तिनं हे एहसानभाईंना फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज माझ्या जुन्या बोथट सुरीसारखा झाला होता, कुठं लागत नव्हता आणि कुठं सुटतही नव्हता.

तेव्हापासून स्टुडिओ बंद पडला, असं तुम्हाला वाटलं असेल तर तसं नाही. चालला आहे, चांगला चालला आहे. कंपन्यांची कामं येतात. लग्नात कुणी विचारलं की सोपानरावांकडं आता उत्तर असतं. फक्त विजयश्री लग्नांना जात नाही. तळवड्याचे, चाकणचे ते लहान वर्कशॉपवाले मात्र येईनासे झाले. आमच्या पट्ट्यात बातमी टेम्पोच्या वेगानं जाते. एकानं धीर करून फोन केला होता. म्हणाला, "ताई, मुलाच्या वर्कशॉपला नाव करायचंय. पण आमचं अक्षर आमच्यापाशीच राहील ना?" ती गप्प राहिली. इतका वेळ गप्प राहिली की शेवटी त्यानंच फोन ठेवला. पूर्वी याच प्रश्नाला ती क्षणात हो म्हणायची, आणि त्या एका 'हो'वर तिचा सगळा धंदा उभा होता.

यंदाच्या खंडेनवमीला तिनं माझ्या पाठीवरची किटली कायमची हलवली. चाकं साफ केली, मला हार घातला. मग गुंडाळीतून तो पोकळ कागद काढून उजेडात धरला. अक्षरांच्या मोकळ्या जागेतून खिडकीतलं ऊन तिच्या तोंडावर पडलं. तिनं फोन उचलला, मावशींचं नाव काढलं आणि बघत बसली. मी मनात म्हणत होतो, लाव, लाव गं पोरी, भाकऱ्या थापत असल्या तरी त्या उचलतील. तिनं फोन ठेवून दिला आणि कागद पुन्हा घट्ट गुंडाळला. तिला आता लाज वाटते. पहिल्यांदा मावशी कामात असतील म्हणून फोन राहिला, आता लाज वाटते म्हणून राहतो आहे.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. माझे सुटे भाग आता बाजारात मिळत नाहीत. माझी काळजी घ्या, मला तेलपाणी करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्हीही उद्या काहीतरी कराल. कुणी चित्रं काढेल, कुणी गाणी रचेल, कुणी पाट्या रंगवेल, आणि तुमच्या नावाचाही बोलबाला होईल. तेव्हा एवढंच करा. आपल्या हातानं केलेली वस्तू एकदा कुणाला देऊन टाकली, की पुन्हा तिला हात लावण्याआधी त्याच्या दाराशी जाऊन विचारा. तो कामात असेल असं समजून परत फिरू नका. बहुतेक वेळा तो हो म्हणतो.

आणि कधी चाकणला गेलात, तर गेटापासून लांब, वळणापाशी एक फिकट पिवळा टेम्पो दिसेल. नाव नाही, पण ऊन तिरपं पडलं की दिसतं म्हणतात. तिथं थांबा. जेवा. आमटी घट्ट असते. आणि निघताना त्या बाईंना सांगा, कटरनं निरोप दिलाय : तुमचा कागद माझ्याजवळ आहे, मावशी. त्यातून पुन्हा काहीही कापलेलं नाही. पोरगी रोज तुमचा नंबर काढते. एकदा तुम्हीच करा.